हल्ला करून राहिलेली कीड

नागपूरच्या वितरकांनी एकच अट घातली होती आणि ती चहाचा कप खाली ठेवून, शब्द मोजून सांगितली होती.

"स्पर्धेच्या दिवशी मी येतो. दिवसभर बसतो. एकाही डावात असं भांडण निघालं, ज्याचा निकाल पत्त्यावरच्या अक्षरांतून लागत नाही, तर हा खेळ मी एकाही दुकानात ठेवणार नाही. पत्ता फाटला म्हणून कोणी खेळ परत आणत नाही, बाई. नियमावरून घरात झगडा झाला म्हणून आणतात."

मी ती अट लगेच मान्य केली. मी सांख्यिकीत एम.एस्सी. केले आहे, एखादे विधान संदिग्ध आहे की नाही हे मला ओळखता येते, असा माझा ठाम समज होता. शिवाय सौंसर, रामाकोना आणि पांढुर्णा या पट्ट्यात वर्षभर खेळला गेलेला खेळ होता तो. शेकडो डाव झाले होते आणि शब्दार्थावरून एकदाही वाद झाला नव्हता. खेळ नागपूरच्या पलीकडे न्यायचा, तर त्या वितरकांशिवाय दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. म्हणून तो रविवार माझ्यासाठी परीक्षेचा होता, आणि परीक्षा मला नेहमीच आवडत आल्या आहेत.

खेळाचे नाव 'बहार'. दोन खेळाडू, प्रत्येकाची सात झाडांची संत्र्याची बाग. कोळशी, साल खाणारी अळी, फळांतला रस शोषणारा पतंग या किडींचे पत्ते समोरच्याच्या बागेवर सोडायचे. ढालकिडा, मधमाशी, पक्षी या मित्रांचे पत्ते वापरून आपली बाग वाचवायची. ज्याचे शेवटचे झाड पडले तो हरला. पत्ते बंद पाकिटात मिळतात. आत कोणते निघतील हे आधी कळत नाही. मिळालेले ठेवायचे, नको असलेले दुसऱ्याला देऊन हवे ते घ्यायचे आणि त्यातून स्वतःचा चाळीस पत्त्यांचा संच बांधायचा.

खेळ रचणे आणि खेळ चालवणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, हे मला पहिल्या काही महिन्यांतच कळले. पत्ते छापत होता माझा मामेभाऊ. त्याची पांढुर्ण्यात प्रेस आहे. तोवर तिथे लग्नपत्रिका निघत, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सरकारी कार्यालयांचे फॉर्म. छपाईच्या एका मोठ्या कागदावर कोणता पत्ता किती वेळा बसवायचा, यावरूनच तो पत्ता लोकांना सहज मिळणार की दुर्मिळ होणार हे ठरते. मी त्याला तक्ता काढून दिला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"सगळेच पत्ते बराबर छापले तं काय बिघडते? लोकायले आनंद होईन."

"मग कोणी कोणाकडे पत्ता बदलायला जाणार नाही, दादा. बदलाबदल थांबली की खेळ थांबला."

"म्हणजे तू लोकायले जाणूनबुजून तरसवून राहिली."

"हो. पण मोजून."

तो हसला आणि त्याने तक्त्याप्रमाणेच छापले. पण कापून झालेले गठ्ठे त्याने जसेच्या तसे पाकिटांत भरले. रामाकोन्याच्या एका ताईंना चार पाकिटांत चारही वेळा सालअळीच निघाली. "घरची बाग कमी होती का, तं पाकिटातूनबी हेच?" असा त्यांचा निरोप आला. मग प्रेसमधल्या बायकांना बसवून, लग्नात अक्षता कालवतात तसे सगळे पत्ते मोठ्या परातींत कालवून घेतले, तेव्हा कुठे माझा तक्ता कागदावरून पाकिटात उतरला.

पुढची अडचण डिंक्याची. हा रोगाचा पत्ता मी फार बलवान करून ठेवला होता. सौंसरला कृषी केंद्र चालवणारे एक काका आहेत. रमीत मुरलेले, हिशेबी, बोलण्यात मिस्कील. त्यांनी बदलाबदली करून चार डिंके जमवले आणि महिनाभर सौंसरात कोणालाच जिंकू दिले नाही. लोकांनी त्यांच्यासमोर बसणेच सोडले. मी सगळ्यांचे निकाल मागवले, तपासले आणि जाहीर केले की यापुढे एका संचात डिंक्या एकच ठेवता येईल. दुसऱ्याच सकाळी काका घरी हजर.

"चार डिंके जमवाले मले किती चक्कर मारा लागले, मालूम हाय?"

"पत्ते तुमचेच आहेत काका. ठेवा, दाखवा, बदला. फक्त एका वेळी एकच खेळा."

"अवं, डिंक्याचं औषध मी इकतो, अन् मलेच डिंक्या बंद! वारे न्याय!"

पण ते खेळत राहिले आणि एका डिंक्यावरही जिंकत राहिले. प्रकाशकाचे काम म्हणजे हेच, असे मला वाटू लागले: खेळाडूंच्या हातात वस्तू द्यायची, तिचे काय होते ते पाहत राहायचे आणि बिघाड दिसला की सर्वांदेखत दुरुस्त करायचा. त्यात मला प्रयोगशाळेचा आनंद मिळत होता. फरक एवढाच की इथले नमुने उलट बोलत होते.

पत्त्यांवरची भाषा हा माझा सर्वांत अभिमानाचा भाग होता. पहिल्या मसुद्यात मी पुस्तकी मराठी लिहिली होती. सौंसरच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या दुकानात लोकांना तो मसुदा खेळायला दिला, तेव्हा ते 'दरम्यान' आणि 'तत्पूर्वी' या शब्दांपाशी अडकू लागले. मी घड्याळ लावून पाहिले. वाक्य बोलल्यासारखे लिहिले की लोक चटकन वाचत आणि चटकन खेळत. म्हणून सगळे पत्ते बोलीच्या जवळ आणले. त्यातले अस्सल आपल्याकडचे प्रयोग मात्र मी निपटून काढले. 'खेळतो आहे', 'पाहते आहे' यासाठी आपण म्हणतो ती 'खेळून राहिला', 'पाहून राहिली' ही रूपे पुण्याकडे हसण्यावारी नेतात, हे नागपूरच्या वसतिगृहात मी ऐकले होते. नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापले: 'पत्त्यावर लिहिले आहे तेच खरे.'

एक रूप निसटले. ते का निसटले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कोतवाल या पक्ष्याच्या पत्त्यावर लिहिले होते: 'हल्ला करून राहिलेली कीड उचला.' क्रियापद वाक्याच्या शेवटी असते तर मी ते पकडले असते. 'राहिलेली' हे रूप इतके नीटनेटके, इतके शाळेतले दिसत होते की त्याच्या आत आमचीच बोली बसली आहे, हे मला दिसलेच नाही.

स्पर्धा पांढुर्ण्याच्या एका शाळेच्या सभागृहात भरवली. सौंसरहून सकाळच्या बसने खेळाडू आले, रामाकोन्याहून त्या ताई आपल्या दोन जावांना घेऊन आल्या. वितरक तिसऱ्या रांगेत वही मांडीवर ठेवून बसले. सकाळपासून मी प्रत्येक टेबलावरून फिरत होते. शंका विचारल्या जात होत्या आणि प्रत्येक वेळी मला फक्त पत्त्यावर बोट ठेवावे लागत होते. "वाचा." खेळाडू वाचे, मान हलवी, डाव पुढे जाई. दुपारपर्यंत वितरकांच्या वहीत एकही ओळ पडली नव्हती. हे मी तीनदा डोकावून पाहिले.

अंतिम फेरीत एका बाजूला कृषी केंद्रवाले काका होते आणि दुसऱ्या बाजूला अकरावीतली एक मुलगी. तिची आई बँकेत अधिकारी. साताऱ्याहून बदली होऊन ते कुटुंब पांढुर्ण्यात आले होते. खेळ तिने वर्गातल्या मैत्रिणींकडून उचलला होता, आणि संचातला कोतवाल तर तिने त्याच दिवशी सकाळी, स्पर्धा सुरू होण्याआधी, रामाकोन्याच्या ताईंशी बदलून घेतला होता. दोघांनी एकेक डाव जिंकला होता. तिसऱ्या डावात दोघांचे एकेकच झाड उरले. सभागृहातले सगळे त्या एका टेबलाभोवती गोळा झाले.

काकांचा पतंग तिच्या बागेत बसला होता. त्याने काकांच्या पाळीत हल्ला करून तिचे सहावे झाड पाडले. नियमाप्रमाणे कीड हलवली नाही तर ती तिथेच राहते आणि पुढच्या पाळीत पुन्हा हल्ला करते. म्हणजे पुढच्या पाळीत तिचे शेवटचे झाड जाणार हे उघड होते. तिची पाळी आली. तिने पत्ते पाहिले, काकांकडे पाहिले, पतंगावर कोतवाल ठेवला आणि दोन्ही पत्ते उचलून बाजूला सरकवले. मग हातातली कोळशी काकांच्या शेवटच्या झाडावर सोडली. नवी सोडलेली कीड सोडणाऱ्याच्या पुढच्या पाळीत हल्ला करते, म्हणून तोवर पतंग हटणे तिला गरजेचे होते.

"ओ बेटा," काका म्हणाले, "हे काय करून राहिली? पतंगाचा हल्ला तं होऊन गेला. कोतवाल तवाच टाका लागत होता."

"होऊन गेला म्हणूनच टाकला की. वाचा ना काका. 'हल्ला करून राहिलेली कीड.' ह्यानं हल्ला केला आणि हा इथंच राहिला."

"राहिलेली मतलब करून राहिलेली! हल्ला करून राहिली असन तवा!"

"तेच म्हणतेय मी. करून, राहिलेली."

"मीबी तेच म्हणून राहिलो!"

सभागृह हसले, पण मी हसले नाही. मी पत्ता हातात घेतला. वर्षभरात मी तो शेकडो वेळा वाचला होता आणि त्या क्षणी प्रथमच तो मला परक्या डोळ्यांनी वाचता आला. काकांचा अर्थ: कीड हल्ला करत आहे, त्याच वेळी तिला उचला. मुलीचा अर्थ: हल्ला करून झाल्यावर जी कीड उरली, तिला उचला. पत्त्यावरचे प्रत्येक अक्षर दोन्ही अर्थांच्या बाजूने सारखीच साक्ष देत होते.

आता भोवतालच्या मंडळींना राहवेना.

"जेवून राहिलेला माणूस म्हणजे कोण? ताटावर बसलेला," मागून कोणी म्हणाले.

"आमच्याकडं राहिलेली भाकरी म्हणजे उरलेली भाकरी," मुलगी म्हणाली. "सकाळी कुस्करून खातात ती."

"अवं पोरी, भाकर अन् पतंग एक हाय का?" रामाकोन्याच्या ताई म्हणाल्या. "लेकिन कोतवाल मीच तुले देल्ला, चांगला वापरला, हे मातर खरं."

काका आता बागेत उतरले. "पत्ता सोडा. पक्षी पाहा. कोतवाल तारेवर बसते अन् उडती कीड झपकन पकडते. बसलेल्या किडीच्या वाटेले ते जात नाही. माह्या डोक्याचे केस पिकले हे पाहून."

"मग पत्त्यावर 'उडती कीड' लिहायचं," मुलगी म्हणाली. "मी पत्ता वाचून खेळते काका, तारेकडं बघून नाही."

सगळे माझ्याकडे वळले. तिसऱ्या रांगेतून वितरक उठून टेबलाशी आले होते. वही उघडी होती, पेनाचे टोपण निघाले होते. त्यांनी अट घातली होती ते भांडण नेमके हेच होते, आणि ते आम्हा दोघांनाही कळले होते.

मला वाटायला हवी होती भीती. वाटत होते ते निराळेच: आलेखावरचा एकच बिंदू रेषेबाहेर दिसावा आणि तो चुकीचा नसून खरा आहे असे कळावे, तेव्हा छाती जशी धडधडते, तशी ती धडधडत होती. सोपा रस्ता समोर होता. खेळ मी रचला आहे, माझ्या मनात काकांचाच अर्थ होता, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता आले असते. तो निकाल खरा ठरला असता, सभागृहाला पटला असता, आणि वितरक नागपूरचे असल्याने कदाचित त्यांनाही. पण मग पहिल्या पानावरचे वाक्य खोटे ठरले असते. त्या मुलीने पत्ता घेतला होता. माझे मन तिला पाकिटात मिळाले नव्हते. अक्षरांवर विश्वास ठेवून खेळणाऱ्याला, अक्षरे लिहिणाऱ्याच्या चुकीची शिक्षा देता येणार नाही.

"चाल कायम," मी म्हणाले. "वाक्याचे दोन अर्थ होतात. माझ्या मनात काकांचा अर्थ होता, पण मी तो लिहिला नाही. चूक खेळाडूची नाही, माझी आहे."

काकांनी एक मोठा श्वास घेतला. त्यांचे शेवटचे झाड वाचवायला त्यांच्या हातात काही नव्हते. त्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले आणि त्या मुलीपुढे हात केला.

"लिहून ठेवा सगळे. मी पत्त्यात नाई हारलो. मी मराठीत हारलो."

मुलीने हात मिळवला, मग वाकून नमस्कारही केला. काका म्हणाले, "आता पाया पडून राहिली का पाया पडून राहिलेली हाय?" आणि या वेळी मीही हसले.

मी वितरकांकडे वळले. "अट मोडली, साहेब."

"मोडली," ते म्हणाले. वहीत त्यांनी एक ओळ लिहिली. "मजा अशी, का मीबी ते काकांसारखंच वाचलं होतं. सकाळी तुमचे सगळे पत्ते वाचले, अन् मले काहीच खटकलं नाही. म्हणजे नागपुरात हे भांडण झालंच नसतं. पुण्यात पहिल्याच दिवशी झालं असतं."

टेबलाशी भांडण अजून चालूच होते, फक्त त्याला आता कटुता नव्हती. मुलगी काकांना विचारत होती की बसलेली कीड मग कोणीच खात नाही का?

"खाते ना. शिंपी. एवढूसा पक्षी असते. संत्र्याच्या पानापानात घुसते अन् एक एक अळी टिपून खाते. पण तो कोतवाल नाई."

ते वाक्य माझ्या कानावर पडले आणि मी जागीच थांबले. वर्षभर मला एक गोष्ट सलत होती. खेळात एकदा हल्ला करून बसलेली कीड हलवायला फारसे उपाय नव्हते. मागे पडलेला खेळाडू बहुधा मागेच राहत होता. निकालांच्या आकड्यांत ते मला दिसत होते, पण उपाय सुचत नव्हता. त्या मुलीने चुकीच्या वाक्यातून नेमका तोच उपाय खेळून दाखवला होता. तिचा अर्थ खोडून टाकायचा नव्हता. त्याला स्वतःचा पक्षी हवा होता.

मी फळ्याकडे जवळजवळ धावतच गेले. खडूने वर लिहिले, 'कोतवाल: कीड हल्ला करत असतानाच तिला उचला.' खाली लिहिले, 'शिंपी: हल्ला संपल्यावर बागेत उरलेली एक कीड उचला.' मग काकांना पहिले वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले आणि मुलीला दुसरे, नंतर उलट. चारही वेळा मी विचारले, "केव्हा टाकाल?" चारही वेळा दोघांचे उत्तर एकच आले. रामाकोन्याच्या ताईंनी 'एक कीड' म्हणजे कोणाच्या बागेतली, असे विचारले. मी 'आपल्या बागेत' असे वाढवले. एका शिक्षकांनी 'संपल्यावर' म्हणजे लगेच की आपल्या पाळीत, असे विचारले. तेही लिहिले. सभागृह मला दोन्ही बाजूंनी हाकत होते आणि मी खडूने पुसत, लिहीत, पुन्हा पुसत होते. माझ्या ओढणीवर, केसांवर, सगळीकडे खडू झाला होता. इतका आनंद मला एम.एस्सी.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

वितरकांनी फळ्यावरची दोन्ही वाक्ये वहीत उतरवून घेतली. "आधी विकलेले कोतवाल?"

"जुना पत्ता आणा, नवा घेऊन जा. कोणी जुना ठेवला तरी चालेल, पण खेळताना त्याचा अर्थ आजपासून फळ्यावरचा. तशी चिठ्ठी प्रत्येक पाकिटात जाईल, खेळाडूंच्या ग्रुपवर आजच जाईल."

"अन् उद्या दुसऱ्या पत्त्यात असंच निघालं तर?"

"निघेल," मी म्हणाले. "तेव्हा असाच फळा लागेल."

त्यांनी टोपण पेनाला लावले. "माझी अट होती, तुम्ही हारल्या. म्हणून सगळीकडं नाही. नागपूर, वर्धा, अमरावती, इथं हा खेळ मी या महिन्यात ठेवतो. त्याच्या पलीकडचं, नवे पत्ते छापून आले का मग पाहू. ते पत्ते मी वाचणार नाही. मले काही दिसत नाही." त्यांनी त्या मुलीकडे पाहिले. "प्रूफ हिच्याकडून वाचून घ्या."

"वाचते की," ती म्हणाली. "पण शिंपीचा पहिला पत्ता मला."

मी तिथूनच मामेभावाला फोन लावला. तो प्रेसमध्येच होता. मागे मशीनचा आवाज येत होता.

"दादा, मशीनवर काय आहे?"

"लग्नपत्रिका. पाचशे. कायले?"

"उद्या थांबव."

"अवं, कोणाचं लग्न थांबवून राहिली तू?"

"लग्न होऊ दे. कागदावर एका पक्ष्यासाठी जागा करायची आहे."

"कागद तं फुल्ल हाय. एक टाकाचा तं एक काढा लागन. कोणता काढू?"

मी फळ्याकडे पाहिले. काका आणि ती मुलगी, दोघेही माझ्या फोनला कान लावून उभे होते, आणि दोघांनीही एकाच वेळी दोन निरनिराळ्या पत्त्यांची नावे सांगितली.